निवडणुकाच होत नाहीत, मग विद्यार्थी संघटनेत जाऊन करायचं काय?

तुम्ही लिहिलंय की गावाकडून पहिल्यांदाच विद्यापीठात आलेय, एमएला, होस्टेलवर दोन-तीन संघटनावाले सदस्य व्हा म्हणून मागं लागलेत, घरचे म्हणतात नको त्या भानगडी, तर जाऊ का नको. मी पण अशीच आलते, परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातून, २०१४ ला बीएला. माझ्या कॉलेजचं नाव लिहीत नाही, बाकी झालं तसं सांगते.

आधी निवडणुकीचं. १९८९ ला मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, त्यानंतर राज्यात थेट मतदान बंद पडलं आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं मार्कांवर प्रतिनिधी घ्यायची पद्धत आणली. वर्गात पहिला तो सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, सगळे सीआर मिळून कॉलेजचा सचिव निवडणार आणि सगळ्या कॉलेजांचे सचिव मिळून विद्यापीठाचा अध्यक्ष. मी फर्स्ट इयरला पहिली आले म्हणून दुसऱ्या वर्षी सीआर झाले, मला कुणी विचारलं पण नव्हतं. आठ दिवसात वडलांना गावातल्या पुढाऱ्याचा फोन, पोरीला सांगा आमच्या माणसालाच मत टाकायचं. वडील रानात होते, सीआर काय असतं त्यांना माहितीच नाही, ते घाबरून मला विचारायले की तू काही केलंस का. बाकीच्या सीआर पोरांमधल्या चौघांना जीपमध्ये घालून देवदर्शनाला नेलं आन् मतदानाच्या दिवशी सकाळी आणून सोडलं. शंभर पोरांचं मत मागायला वर्गावर्गात फिरावं लागतं, वीस सीआरना एका जीपमध्ये बसवता येतं, एवढाच फरक पडला त्या पद्धतीनं.

त्याच वर्षी दुष्काळ. २०१६ च्या एप्रिलात लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते वर्ष. दुष्काळी गावातल्या विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ असं सरकारनं जाहीर केलं, पण आमच्याकडनं कॉलेजनं फी आधीच भरून घेतलेली आणि परत मागायला गेलं की क्लार्क म्हणायचे वरून पत्र आलं नाही. ज्यांच्या घरी बोअर आटलाय, जनावरं छावणीत, त्यांना ते हजार रुपये म्हणजे मेसचा अर्धा महिना होता. संघटनावाले आले, प्राचार्यांना निवेदन दिलं, फोटो काढला, गेले. मी सचिवाला दोनदा भेटले, तो म्हणला बघू. त्याला माझ्या होस्टेलच्या पोरींनी निवडून दिलंच नव्हतं तर त्यानं आम्हाला उत्तर द्यायचं कामून? याचा मला आजपण राग आहे.

शेवटी आम्ही सहा जणींनी एका वहीत नाव, गाव, तालुका, पावती नंबर, बँक खातं अशी यादी केली, दीडशेच्या वर नावं झाली, अर्ज आवक विभागात, म्हणजे आलेले कागद नोंदवून घेतात तिथं, दिला आणि झेरॉक्सवर शिक्का आन् नंबर मारून घेतला. दर सोमवारी तो नंबर घेऊन जायचो. पाच महिने लागले, पण पैसे खात्यात आले. सगळ्यांचे नाही, ज्यांच्या पावत्या हरवल्या त्यांचे राहिले, त्यात माझी रूममेट पण होती.

२०१६ च्या नव्या कायद्यात परत थेट मतदान आलं, २०१९ ला वेळापत्रक पण निघालं होतं, मग विधानसभेमुळं पुढं ढकललं, मग कोरोना, तिथंच ते राहिलं. ह्या निवडणुका व्हायलाच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. मारामाऱ्या होतील म्हणतात, पण मग ग्रामपंचायती कशाला घेता?

घरच्यांची भीती मात्र खोटी ठरवू नका. आपल्याकडं विद्यापीठातली गोष्ट विद्यापीठात राहत नाही. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला, विद्यार्थी दोन्ही बाजूंनी रस्त्यावर होते, पण घरं जळाली ती खेड्यापाड्यातल्या दलित वस्त्यांची. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. अजूनपण दर १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर माणसं येतात, म्हाताऱ्या बाया नातवंडं घेऊन येतात, एकदा जाऊन बघा. म्हणून कुणी जातीवरनं पोस्टर, मेसेज फिरवायला दिला तर हात लावू नका, त्याची झळ गावात कुणाला बसंल ते आपल्याला होस्टेलात बसून दिसत नाही.

तर जा म्हणते मी. फक्त जे बोलवायलेत त्यांना सांगा, मागच्या वर्षी दिलेली निवेदनं दाखवा, आवक नंबरसकट, आणि त्यावर पुढं काय झालं ते पण. जी संघटना कागद काढून दाखवील तिच्यात बसा. बैठकीत पोरी बोलतात का नुसत्या सतरंजीवर पुढं बसवतात तेपण बघा. आणि पदवीधर मतदार नोंदणी निघाली की तुमचा फॉर्म तुम्हीच भरा, कॉलेज चालवणाऱ्या संस्थावाल्यांच्या हातात देऊ नका. विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, पदवीधरांचे १० जण निवडून जातात आणि ते मतदान तरी होतंय. फी माफीचा अर्ज लिहायचा असेल तर कमेंटमध्ये सांगा, आमच्या अर्जाचा फोटो अजून आहे माझ्याकडं, टाकते.