मोराची मान आणि ऑप्शन फॉर्म

सोलापूरच्या पूर्व भागातून बारावी सायन्स झालेल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "मॅडम, दहावीला ९१ टक्के होते, बारावीला ६८ पडले. सीईटीला ८४ पर्सेंटाइल. दोन वर्षं इंटिग्रेटेडमध्ये, म्हणजे कॉलेजला जोडलेल्या क्लासमध्ये गेली, कॉलेजचं तोंड फक्त प्रॅक्टिकलला पाहिलं. एक मैत्रीण झाली नाही. घरी चार माग आहेत. बाबा म्हणतात, पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जा, मागाच्या नादी लागू नकोस. मला टेक्स्टाइल करायचंय. माझी दोन वर्षं वाया गेली का?"

बाळा, वाया गेली असं मी म्हणणार नाही. बरी गेली असंही म्हणवत नाही. कॉलेज नावापुरतं आणि दिवसभर क्लास, ही पद्धत मला कधीच पटलेली नाही. सतराव्या वर्षी कट्ट्यावर बसायचं असतं, भांडायचं असतं, गॅदरिंगला फजिती करून घ्यायची असते. ते राहून गेलं. होस्टेलवर थोडंफार भरून निघेल.

६८ चं मनाला फार लावून घेऊ नकोस. इंजिनिअरिंगला बारावीचे गुण पात्रतेपुरते बघतात, गुणवत्ता यादी सीईटीवर लागते.

आता मोर. पत्रासोबत ग्राफपेपरवर चादरीचा मोर पाठवलास. मानेपाशी तीनदा खोडलंय आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय, "इथे धागा लांब सुटत होता, म्हणून मध्ये बांधला." मी ते वाक्य दोनदा वाचलं. नुसतं चित्र काढणारी मुलगी मान सुंदर करते आणि थांबते. धुताना तो सुटा धागा कुणाच्या बांगडीत अडकेल, हे तुला आधीच दिसलं. म्हणून सांगते, तुझा कल डिझाइनपेक्षा इंजिनिअरिंगकडे आहे. चार वर्षं तंतू, सूतकताई, विणाई, रंगाई यांचं विज्ञान आणि गणित करावं लागेल, मोर अधूनमधूनच भेटेल. ते नको असेल तर डिझाइन बघ, पण निफ्टची, म्हणजे फॅशन-डिझाइन शिकवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची परीक्षा वर्षाच्या सुरुवातीलाच होते, यंदाची ती गाडी गेली.

बाबांचं चुकत नाही. जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, हे या गावानं पाहिलंय. सुताचा भाव, विजेचं बिल आणि व्यापाऱ्याची उधारी यांत चार माग चालवणारा माणूस पोरीला असंच सांगणार. पण ते स्वतःच्या मागांबद्दल बोलतायत आणि तू कापडाबद्दल. टेक्स्टाइल इंजिनिअर चार माग विकत घेऊन बसत नाही. तो कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये असतो, टेस्टिंग लॅबमध्ये असतो, एअरबॅगचं किंवा ऑपरेशनच्या गाऊनचं कापड बनवणाऱ्या कंपनीत असतो. सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणीपेक्षा कमी असू शकतो, हे मात्र घरी आधीच सांगून ठेव.

इचलकरंजीचं डीकेटीई, मुंबईचं व्हीजेटीआय, नांदेडचं एसजीजीएस, तिन्हीकडे टेक्स्टाइल आहे. सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षीचे कटऑफ काढ, तुझ्या प्रवर्गाच्या रकान्यात बघ. ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरतात त्या फॉर्ममध्ये, शेजारणीच्या मुलीनं भरलं म्हणून पुण्याचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकू नकोस. पहिल्या पसंतीची जागा लागली की ती घ्यावीच लागते, पुढच्या फेरीत दुसरीकडे जाता येत नाही. दरवर्षी कुणीतरी याच कारणानं माझ्यासमोर रडतं.

फीबद्दल तू लिहिलं नाहीस, पण बाबांच्या मनात ते असणारच. २०२४-२५ पासून राज्यात ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या मागास मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलास तर नाही. होस्टेल आणि मेसचा खर्च घरचाच. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअरसाठी सेतूत उद्याच जा, निकालानंतर तिथली रांग तुला माहीत आहे.

मोर परत पाठवतेय. तू सांगितलंस तसे चौकोन मोजले. शेपटीत डावीकडे एका ओळीत नऊ सलग भरलेले आहेत. तिथला धागा सुटेल की नाही, ते बाबांना विचार. मला त्यातलं काही कळत नाही.