पाळणाघराचे पैसे आणि रिटर्न

प्रश्न: घरीच पाळणाघर चालवते, सहा मुलं येतात, प्रत्येकी महिना साडेचार हजार, निम्मे पालक जीपे करतात, बाकीचे रोख. हे नवऱ्याच्या इन्कममध्ये धरतात का? टॅक्स बसेल?

उत्तर: ताई, कमाई तुमची तर पॅनही तुमचाच, नवऱ्याच्या पगाराशी याचा काही संबंध नाही. वर्षाचे होतात ३,२४,००० रुपये आणि आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नवीन रिजीममध्ये (नव्या करपद्धतीत) ४ लाखांपर्यंत टॅक्सच नाही, त्यामुळे निवांत रहा. तरी रिटर्न भरा असंच मी म्हणेन, उद्या लोन मागायला गेलात की बँकवाले आधी तेच विचारतात. कलम ४४एडी (छोट्या व्यवसायाचा नफा जमेच्या ठरावीक टक्क्याने धरायची सोय) धरून आयटीआर-४ हा रिटर्नचा फॉर्म भरायचा, त्यात रोख जमेवर किमान ८ टक्के आणि ऑनलाइन आलेल्यावर किमान ६ टक्के नफा दाखवायचा, म्हणजे दूध-बिस्किटांची बिलं जपत बसायला नको, पण मग खर्च वेगळा वजा मिळत नाही हां. रोखीसाठी मात्र एक वही ठेवाच, मुलाचं नाव, महिना, रक्कम, बास. आणि तुमच्या नावावर एफडी असेल तर तिचं व्याज यात वेगळं धरायचं, ते बरेच जण विसरतात.