'बग' म्हणजे चूक की खोट?

प्रश्न असा आहे: लोगो भाषेवरच्या एका जुन्या इंग्रजी निबंधाचं मराठी करताना 'बग'ला (प्रोग्रॅम ज्यामुळे फसतो ती गोष्ट) 'चूक' आणि 'डीबगिंग'ला (बग शोधून दुरुस्त करणं) 'दोषनिवारण' लिहिलं तर चालेल का?

'चूक' नको. 'दोषनिवारण' तर नकोच. ते वाचून आधी पत्रिकेतला मंगळ आठवतो.

लोगो ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा, १९६७ मधली; तिच्यात पडद्यावरच्या 'कासवा'ला आज्ञा देऊन रेषा काढतात. वॉली फॉइरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्याबरोबर ती घडवणारे सेमूर पेपर्ट एमआयटीत कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करत होते. 'बग' हा शब्द त्या मंडळींनी कोणत्या अर्थाने वापरला, ते कासवाने काढलेल्या घराच्या चित्रावरून कळतं.

समजा, एका मुलीने 'चौकोन' ही कृती (आज्ञांचा संच) लिहिली: १०० पावलं पुढे, ९० अंश उजवीकडे, असं ४ वेळा. मग 'त्रिकोण': १०० पुढे, १२० अंश उजवीकडे, ३ वेळा. दोन्ही सुट्या चालवल्या की बिनचूक. घर म्हणून त्या एकीखाली एक लिहिल्या, तर छप्पर घराच्या पोटात! कारण चौकोन संपला की कासव पुन्हा खालच्या डाव्या कोपऱ्यात येतं, तोंड वर करून. तिथूनच त्रिकोण सुरू होतो, डावी भिंत त्याची पहिली बाजू होते आणि टोक उजवीकडे जातं. मध्ये '१०० पुढे' घातलं तर छप्पर वर चढतं खरं, पण कलंडलेलं. त्यानंतर '३० अंश उजवीकडे' घातलं की नीट बसतं.

यात चूक कोणाची? चौकोनाची नाही, त्रिकोणाचीही नाही. मराठीत चूक माणसाला चिकटते: माझं चुकलं, तू चुकलास. पेपर्ट यांना नेमकं तेच टाळायचं होतं. मुलीने 'कासवाने काय केलं' हे बघावं, 'मी कशी चुकले' हे नव्हे. 'चुका काढणे' तर त्याहून घातक. काटा काढला की तो बाहेर येतो; चुका काढल्या की त्या जागच्या जागीच राहतात, फक्त वहीवर लाल शाई वाढते.

'त्रुटी' घराच्या उदाहरणाला चालून जाईल, कारण मधल्या दोन पायऱ्याच गहाळ होत्या. पण जेराल्ड ससमन यांचा 'हॅकर' हा प्रोग्रॅम घ्या (एमआयटीतला प्रबंध, १९७३). तो स्वतः ठोकळे रचण्याचे प्रोग्रॅम लिहायचा, ते फसले की बगचा प्रकार ओळखून दुरुस्त करायचा. काम असं: 'अ' ठोकळा 'ब'वर आणि 'ब' ठोकळा 'क'वर हवा, एका वेळी एकच उचलायचा, तोही वरून मोकळा असेल तरच. आधी 'अ' ठेवला 'ब'वर. आता 'ब' हलवायचा तर 'अ' उतरवावा लागतो, म्हणजे केलेलं मोडलं. क्रम उलटा केला की काम होतं. इथे गहाळ काहीच नव्हतं, मग त्रुटी कसली? (सुरुवातीलाच 'क' हा 'अ'वर बसलेला असेल तर एकेक काम पुरं करत जायचा कुठलाच क्रम लागू पडत नाही. या अडचणीला ससमन यांच्याच नावाने 'ससमन विसंगती' म्हणतात.)

कोणी 'कीड' सुचवतात. कीड बाहेरून लागते आणि पसरते. ती व्हायरसला ठेवा. १९४७ मध्ये हार्वर्डच्या मार्क २ या संगणकाच्या रिलेत (विजेवर चालणाऱ्या खटक्यात) पतंग, म्हणजे उडणारा किडा, सापडला, त्यावरून शब्द आला ही कथाही खरी नाही. एडिसनच्या १८७८ च्या पत्रात 'बग' याच अर्थाने आहे. पतंग नोंदवहीत चिकटवून 'खरोखरचा बग सापडला' असं लिहिण्यात गंमत आली, ती शब्द आधीच रुळलेला होता म्हणून.

सगळ्यात जवळचा शब्द 'खोट'. नाण्यात खोट, मालात खोट: ती वस्तूत असते. 'मनात खोट' मात्र वेगळी, आणि 'खोट काढणे' पुन्हा लाल शाईकडेच जातं. म्हणून पहिल्या वेळी 'बग, म्हणजे कृतीतली खोट' असं लिहा आणि पुढे सरळ 'बग' ठेवा, पुल्लिंगी: तो बग, ते बग, बगचा. डीबगिंगला 'बग शोधून दुरुस्त करणे' लिहा. नुसत्या 'निवारणा'त शोधणं येत नाही, आणि घराच्या उदाहरणात सगळा वेळ शोधण्यातच गेला होता.