वडिलांच्या उपचारांसाठी आईची ठेव मोडावी का?

प्रश्न: माझे वडील ७२ वर्षांचे असून जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग आहे आणि केमोथेरपीचा उपयोग होईनासा झाला आहे. डॉक्टरांनी आणखी एक औषध सुचवले असून चार महिन्यांचा खर्च १२ लाख रुपये सांगितला आहे. ते नको असेल तर घरी ठेवून त्रास कमी करण्याकडे लक्ष द्या, असेही ते म्हणाले. पाच लाखांच्या आरोग्यविम्यातले १ लाख १० हजार उरले आहेत. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३च्या ऑगस्टमध्ये आईवडिलांच्या संयुक्त नावे ठेवलेले १५ लाख आणि बँकेत साडेतीन लाखांची मुदत ठेव आहे. पुण्यातल्या बहिणीने हॉस्पिसचा, म्हणजे बऱ्या न होऊ शकणाऱ्या रुग्णांचा त्रास कमी करणाऱ्या केंद्राचा, विषय काढला, तर आई रडू लागली. पोस्टातली ठेव मोडू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: पोस्टातली ठेव आज मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. औषध द्यावे की देऊ नये हे सांगण्याचा मला अधिकार नाही. मात्र ज्या पैशातून ते आणायचे आहे, तो पैसा कोणाचा आहे आणि पुढे कोणाला लागणार आहे, हे पाहणे माझे काम आहे.

या योजनेतून थोडी रक्कम काढता येत नाही, खाते संपूर्ण बंद करावे लागते. दोन वर्षे उलटून गेल्यामुळे एक टक्का, म्हणजे १५ हजार रुपये कापले जातील. तो तोटा किरकोळ आहे. खरा तोटा व्याजाचा आहे. ८.२ टक्के दराने आपल्या आईवडिलांना दर तिमाहीला ३०,७५० रुपये मिळतात आणि वडिलांच्या पश्चात आईला संयुक्त खातेदार म्हणून हे खाते मुदतीपर्यंत पुढे चालवता येते. याच्या जोडीला पेन्शनचा हिशेब मांडून पाहा. पूर्ण निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे असते, तर वडिलांच्या वयाचा विचार करता आईला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन ३० टक्के असेल. शंभर रुपयांच्या जागी साठ येऊ लागतील, त्याच वेळी व्याजही थांबलेले असेल, आणि आईच्या पुढच्या पंधरा-वीस वर्षांच्या आजारपणांसाठी हाताशी काहीच नसेल. हा हिशेब वडिलांच्या जिवाची किंमत करण्यासाठी मी मांडलेला नाही. त्यांनी ही ठेव ज्या हेतूने आईच्या नावाशी जोडली, तो हेतू आपल्या डोळ्यांसमोर राहावा, एवढ्यासाठीच तो मांडला आहे.

निर्णयाआधी डॉक्टरांना तीन गोष्टी नेमक्या विचाराव्यात. या औषधाने आयुष्य किती वाढण्याची शक्यता आहे आणि ते वाढलेले दिवस घरी जातील की वॉर्डात? पहिल्या एक-दोन मात्रांनंतर उपयोग होतो आहे की नाही हे कळेल का, म्हणजे १२ लाखांची तयारी न करता टप्प्याटप्प्याने थांबता येईल का? आणि हेच औषध सरकारी योजनेच्या पॅकेजमध्ये बसते का? वडिलांचे वय सत्तरीच्या पुढे असल्यामुळे, घरात खासगी विमा असला तरी, आयुष्मान वय वंदना कार्डावर त्यांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाखांचे संरक्षण मिळू शकते. कार्ड काढले नसेल तर ते आधी काढा आणि योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे चौकशी करा.

आता विम्याबद्दल, कारण बहुतेक कुटुंबांची फसगत इथेच होते. आपल्याकडच्या आरोग्यविम्याची रचना रुग्णालयात दाखल होण्याभोवती आहे. शिवाय सर्व कंपन्यांच्या पॉलिसींमध्ये जी प्रमाणित अपवादांची यादी असते, तिच्या पाचव्या कलमात विश्रांतीसाठी दाखल होणे, घरी किंवा शुश्रूषागृहात रोजची वैयक्तिक काळजी घेणे आणि अंतिम टप्प्यातल्या रुग्णाच्या शारीरिक, सामाजिक, भावनिक व आध्यात्मिक गरजांसाठीच्या सेवा वगळलेल्या असतात. म्हणजे हॉस्पिस ज्याला म्हणतात, जवळजवळ नेमके तेच. माझ्या काकूंच्या वेळी घरी येणाऱ्या परिचारिकेची बिले मी नीट फाईल करून कंपनीकडे पाठवली होती. याच कलमाचा आधार घेऊन ती परत आली. तेव्हा घरच्या शुश्रूषेचा खर्च आपल्या खिशातून होणार असे धरूनच चाला. मात्र दुखणे अनावर झाले, पोटात पाणी झाले, जंतुसंसर्ग झाला आणि त्यावरच्या उपचारांसाठी दाखल करावे लागले, तर तो दावा वैध असतो. म्हणून पॉलिसीचे नूतनीकरण चुकवू नका. आधी दावे केले म्हणून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही आणि नव्या वर्षी पाच लाखांची रक्कम पुन्हा पूर्ण उपलब्ध होते.

हॉस्पिस हा शब्द ऐकून आईंना रडू आले, ते मी समजू शकतो. आपल्याकडे त्याचा अर्थ 'माणसाला सोडून देणे' असा घेतला जातो. मुंबईत वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून बऱ्या न होऊ शकणाऱ्या कर्करुग्णांची विनामूल्य काळजी घेते आणि त्याची शाखा गोव्यातही आहे. आपल्या सोयीचे ठिकाण मात्र पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सुरू असलेले सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे. तिथे पैसे घेतले जात नाहीत आणि रुग्णाबरोबर घरचे माणूस राहू शकते. वेदना, मळमळ, धाप आटोक्यात आणणे, जखम कशी बांधायची, कूस कशी बदलायची हे घरच्यांना शिकवणे आणि मग रुग्णाला घरी पाठवणे, अशी तिथली पद्धत आहे. केमोथेरपी सुरू असतानाही अशी सेवा घेता येते, त्यामुळे 'हे किंवा ते' असा पेच आपण आपल्यावर ओढवून घेऊ नये. आईंना एकदा तिथे घेऊन जा. बघितल्यावर त्यांची भीती बरीच ओसरेल.

मॉर्फिन या तीव्र वेदनाशामक औषधाबद्दलही हीच भीती असते. २०१४ साली अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त संस्थांना ते देणे सोपे झाले आहे आणि तोंडाने घ्यायच्या गोळ्या महाग नाहीत. काकूंना दर चार तासांनी गोळी असायची. माझी पत्नी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या चौकोनात पेन्सिलीने वेळा लिहायची, रात्री दोनच्या गोळीपुढे बरोबरची खूण करायची. त्या दीड महिन्यात काकू स्वतः उठून देवापुढे बसत होत्या, आणि त्यासाठी झालेला खर्च आधीच्या एका आठवड्याच्या अतिदक्षता विभागाच्या बिलापेक्षा कमी होता.

आपण कळवलेल्या दरांनी घरचा हिशेब असा होतो: दिवसपाळीच्या मावशींचे रोजचे ८०० प्रमाणे महिन्याला २४ हजार, वरखाली होणारी खाट, हवेची गादी आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचे भाडे साडेसात हजार, औषधे, डायपर, ड्रेसिंग नऊ हजार. एकूण ४०,५००, म्हणजे चार महिन्यांचे १ लाख ६२ हजार. साडेतीन लाखांची बँकेतली ठेव याच कामासाठी राखून ठेवावी. ती एकदम न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेवीच्या तारणावर लागेल तसे उचलायचे कर्ज, घेतला, तर लागेल तेवढ्याच रकमेवर व्याज पडेल. रात्रपाळीसाठी पुढे आणखी एक माणूस लागेल, हे गृहीत धरूनही त्यात शिल्लक राहते. वैयक्तिक कर्जाचा विचार मनात आला असेल, तर तो कृपया सोडून द्यावा.

वडील शुद्धीत आहेत आणि सही करू शकतात, तोवर काही कागद करून घ्या. बँकेतली खाती 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' या पद्धतीची आहेत का आणि नामनिर्देशन आहे का ते तपासा, साधे मृत्युपत्र करा. मुखत्यारपत्र माणसाच्या मृत्यूबरोबर संपते, त्यावर विसंबू नका. आपण जुनी करप्रणाली निवडली असेल, तर वडिलांच्या कर्करोगाच्या खर्चावर एक लाखापर्यंत वजावट मिळू शकते, त्यासाठी तज्ज्ञांचे प्रमाणपत्र घेऊन ठेवा. आणि व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे वडिलांनी स्वतः लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते.

आपल्या संपूर्ण पत्रात वडिलांना काय हवे आहे, याबद्दल एक ओळही नव्हती. त्यांनी आयुष्यभर मुलांना गणित शिकवले असेल किंवा मराठी, पण हा हिशेब त्यांना नक्की समजेल. पुढच्या तपासणीला जाताना वरचे तीन प्रश्न त्यांच्यासमोरच विचारा, त्यांचे म्हणणे ऐका, आणि डॉक्टरांनी दिलेल्या उत्तरांसह मला पुन्हा लिहा. औषध टप्प्याटप्प्याने देऊन पाहावे असे त्यांनाच वाटत असेल, तर पहिल्या मात्रेची रक्कम पोस्टाला हात न लावता कशी उभी करता येईल, ते आपण मिळून पाहू.