आफ्रिकेतली महागडी सफारी: बारा रात्रींत सात ठिकाणं बसवावीत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, नवरा-बायको दोघंच जाणार, हाताशी बारा रात्री आहेत. एजंटानं केप टाउन, गार्डन रूट, क्रूगर, व्हिक्टोरिया फॉल्स, चोबे, ओकावांगो आणि नामिबियाचं वाळवंट अशी सात ठिकाणं बसवून दिलीत. एवढे पैसे घालावेत का, आणि घातले तर यातलं काय ठेवावं?

पैसे जरूर घाला, पण चारच ठिकाणांवर. केप टाउन, गार्डन रूट आणि नामिबिया या खेपेला सोडून द्या.

मी मूळची नागपूरची, ताडोब्याच्या वाऱ्या करत वाढलेली, आणि आता जोहान्सबर्गला नोकरी करते. ओळखीपाळखीचे लोक याच वाटेनं पुढे जातात, त्यामुळे अशी वेळापत्रकं माझ्या डोळ्यांखालून बरीच जातात. त्यांत एक गोष्ट नेहमी लपलेली असते. सफारी दिवसातून दोनदाच होते: पहाटे उजाडताना आणि दुपारी ऊन उतरल्यावर. मधल्या वेळात जनावरं झोपतात, माणसंही झोपतात. ज्या दिवशी मुक्काम हलतो त्या दिवशी यातली एक फेरी तरी अर्धवट राहते किंवा बुडतेच. एका जागी तीन रात्री राहिलात तर सहा फेऱ्या पदरात पडतात. एक रात्र राहिलात तर दोन, आणि त्यातही दुसरीच्या वेळी सगळं लक्ष विमानाच्या वेळेकडे. म्हणजे सात ठिकाणांच्या बेतात तुम्ही सगळ्यात महाग वस्तू विकत घेता आणि ती वापरायला वेळच ठेवत नाही.

आता ही महाग वस्तू नेमकी कोणती? माहितीपत्रकात खाजगी तरणतलाव, तांब्याचं घंगाळं, तंबूतलं झुंबर वगैरे दाखवतात. ते असतंच, छानही असतं. पण खरे पैसे जातात ते जागेचे आणि मुभेचे. ताडोब्यात वाघ रस्त्यावर आला की दोन्ही बाजूंनी जिप्सी कशा गोळा होतात हे तुम्ही पाहिलं असेल, आणि तो बांबूत शिरला की खेळ खलास, कारण रस्ता सोडता येत नाही. क्रूगर राष्ट्रीय उद्यानातही साधारण तेच: सरकारी उद्यान, डांबरी रस्ते, लोक आपापल्या गाड्या घेऊन फिरतात, आणि सिंह दिसला की गाड्यांची रांग लागते. क्रूगर मला आवडतं, स्वस्तही आहे, पण ते वेगळं प्रकरण. त्याला लागूनच पश्चिमेला साबी सँड हे खाजगी राखीव जंगल आहे. दोघांमधलं कुंपण १९९३ साली काढलं, त्यामुळे जनावरं इकडून तिकडे मोकळी फिरतात. फरक माणसांच्या नियमांत आहे. साबी सँडमध्ये गाडी रस्ता सोडून झुडपांत घालता येते, अंधार पडल्यावर दिवा घेऊन फिरता येतं, आणि एका जनावरापाशी दोन-तीनच गाड्या थांबतात, बाकीच्या रेडिओवर नंबर लावून लांब उभ्या राहतात. गाडीच्या बॉनेटवर एक खुर्ची असते, तिच्यावर ट्रॅकर बसतो. धुळीतला ठसा पाहून तो नुसता हात वर करतो आणि गाडी थांबते. बिबट्या बघायला याच्याइतकी खात्रीची जागा मला माहीत नाही.

म्हणून एजंटाच्या कागदावर नुसतं ‘क्रूगर’ लिहिलं असेल तर पहिला प्रश्न तोच विचारा: उद्यानाच्या आत की साबी सँडसारख्या खाजगी राखीव जंगलात? कागदावर दोन्हीला क्रूगरच म्हणतात, आणि दरात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

साबी सँड मी सुरुवातीलाच ठेवते, तीन रात्री. हत्ती, गेंडा, म्हैस, सिंह, बिबट्या ही यादी (जुन्या शिकाऱ्यांनी पायी शिकार करायला सगळ्यात धोक्याची म्हणून केलेली) तिथे बहुधा लवकर पुरी होते आणि मनावरचं ओझं उतरतं. मग बोट्सवानात गेल्यावर माणूस ‘सिंह कुठाय’ असं विचारत बसत नाही. ओकावांगो नीट पाहायला ते मन लागतं.

ओकावांगोबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या तारखा त्यावरून ठरायला हव्यात. ही नदी समुद्राला मिळत नाही. अंगोलाच्या उंच प्रदेशात नोव्हेंबर ते मार्च पाऊस पडतो, ते पाणी हळूहळू खाली येत बोट्सवानात कलहारीच्या वाळूवर पंख्यासारखं पसरतं (हाच ओकावांगो डेल्टा) आणि तिथेच संपतं. त्यातलं बहुतेक सगळं हवेत उडून जातं. जमिनीला उतार इतका कमी की पाण्याला पोचायला महिनोन्‌महिने लागतात. त्यामुळे गंमत अशी होते की बोट्सवानात पाऊस थांबून गवत वाळलेलं असतं, आकाशात ढग नसतो, आणि त्याच वेळी, जून ते ऑगस्टमध्ये, पूर येतो. चहूकडे कोरडं आणि मध्येच निळं पाणी, म्हणून जनावरं तिकडे ओढली जातात. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत २०१४ साली दाखल झालेलं हे हजारावं ठिकाण. पूर दर वर्षी सारखा नसतो. २०१९ साली दुष्काळात तो अगदीच तोकडा होता, आणि एरवी होड्या फिरतात तिथे चिखल उरला होता.

इथले तंबू दोन जातींचे. वॉटर कॅम्पात मोकोरो मिळते, म्हणजे एका माणसानं मागे उभं राहून लांब काठीनं ढकलायची अरुंद होडी. पूर्वी ती एकाच झाडाचं खोड कोरून करत, आता बहुतेक फायबरच्या असतात. पाण्याच्या पातळीपासून वीतभर वर बसून कमळांतून जायचं, काठीचा आवाज तेवढा येतो. हे फारच सुंदर, पण तिथे सिंह-बिबट्याच्या मागे गाडीनं हिंडायला कोरडी जमीन थोडी. लँड कॅम्पात उलट. तुम्ही तीनच रात्री राहणार, तेव्हा दोन्ही जमेल असा कॅम्प मागा, आणि ‘आम्ही जाऊ त्या महिन्यात मोकोरो चालते का’ हे लेखी विचारून घ्या. मोरेमी अभयारण्य याच डेल्टात आहे. तिथल्या बातवाना जमातीच्या लोकांनी १९६३ साली स्वतःच्या जमिनीवर ते उभं केलं, ही गोष्ट मला फार आवडते. पण मोरेमीच्या आत रस्ता सोडता येत नाही आणि रात्रीची फेरीही नसते. त्याच्या भोवतीच्या खाजगी पट्ट्यांत दोन्ही चालतं. जून-जुलैत जाणार असाल तर रानकुत्र्यांची बिळं कुठे आहेत हे गाइडला विचारा. एरवी दिवसाला मैलोन्‌मैल धावणारं ते कळप पिल्लांपायी तेव्हा एका जागी बांधलेलं असतं.

तिथून छोट्या विमानानं कसाने, म्हणजे चोबे नदी आणि तिच्या काठच्या राष्ट्रीय उद्यानाचं गाव. दोन रात्री पुरे. नदीकाठच्या रस्त्यावर सकाळी गाड्यांची गर्दी असते, ती सोसायची. मजा दुपारच्या बोटीत आहे. बोट्सवानात १ लाख ३० हजारांच्या आसपास हत्ती आहेत, आणि कोरड्या दिवसांत त्यातले कळपच्या कळप चोबेवर उतरतात. सेडुडू बेटावर जायला ते नदी पोहून पार करतात, सोंड वर आणि पिल्लू दोन मोठ्यांच्या मध्ये. (या बेटावरून बोट्सवाना आणि नामिबिया हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत भांडले. १९९९ साली निकाल बोट्सवानाच्या बाजूनं लागला. हत्तींनी दखल घेतल्याचं दिसत नाही.)

कसानेहून व्हिक्टोरिया फॉल्स रस्त्यानं ऐंशीएक किलोमीटर, सीमेवरच्या रांगेसकट दोन तास धरा. धबधबा १,७०८ मीटर रुंद, १०८ मीटर उंच. पण त्याचं वेळापत्रक ओकावांगोशी जुळत नाही. एप्रिलच्या सुमारास झांबेझीला (धबधब्याची नदी, झांबिया आणि झिम्बाब्वे यांच्या सीमेवरची) सगळ्यात जास्त पाणी असतं आणि तुषारांमुळे समोरचं काही दिसत नाही, तुम्ही नुसते भिजता. ऑक्टोबर-नोव्हेंबरात झांबियाच्या बाजूचे कडे बरेचसे कोरडे पडतात. झिम्बाब्वेच्या बाजूला तेव्हाही धार असते, म्हणून राहायचं तिकडेच. एक दुपार धबधबा, एक संध्याकाळ झांबेझीवर होडी, झालं.

हे सगळं एकत्र धरलं तर जुलै ते सप्टेंबरचा मध्य हा काळ सगळ्यांना पुरतो: डेल्टात पाणी, चोबेवर हत्ती, धबधब्याला बऱ्यापैकी धार, झाडोरा विरळ. ऑक्टोबरात जनावरं आणखी जमतात, पण पारा चाळिशीला टेकतो. उलट जुलैची पहाट उघड्या गाडीत हाडं गोठवते. मांडीवर गरम पाण्याची पिशवी आणि घोंगडी देतात, तरी कानटोपी आणि हातमोजे घरूनच न्या. ‘आफ्रिका म्हणजे उकाडा’ या समजुतीनं आलेले माझे एक काका पहिल्या पहाटे हॉटेलचा आंघोळीचा झगा अंगावर घालून गाडीत बसले होते.

रात्रींचा हिशेब: जोहान्सबर्ग एक, साबी सँड तीन, परत जोहान्सबर्गवरून माउन (डेल्टाजवळचं विमानतळाचं गाव) आणि डेल्टा तीन, चोबे दोन, व्हिक्टोरिया फॉल्स दोन. अकरा झाल्या. बारावी डेल्टात घाला, नाहीतर विमान चुकण्याच्या भीतीपोटी जोहान्सबर्गला ठेवा. केप टाउन सुंदर आहे, पण ते शहर आहे, कधीही होईल. नामिबियातली अंतरं इतकी मोठी की तिला स्वतंत्र सुट्टीच द्यावी लागते.

खर्च स्पष्टच सांगते. हंगामात डेल्टातल्या चांगल्या कॅम्पाचा दर माणशी रात्रीला दीड ते तीन हजार डॉलर, त्याच्या वरचेही आहेत. दोन हजार धरले तर दोघांच्या तीन रात्रींचे बारा हजार डॉलर, म्हणजे दहा लाखांच्या पुढे. यात जेवण, बहुतेक पेयं, कपडे धुणं आणि सगळ्या फेऱ्या येतात, विमान मात्र बहुधा वेगळं. बोट्सवानानं थोडे पर्यटक, जास्त दर हे धोरणच ठरवलं आहे, त्यामुळे घासाघीस फारशी चालत नाही. पैसे वाचवायचेच असतील तर चोबे आणि फॉल्सला साधं बरं हॉटेल घ्या, कारण तिथे खोली कुठलीही असली तरी नदी तीच. साबी सँड आणि डेल्टात मात्र हात आखडू नका.

छोट्या विमानाचं सामान हा वादाचा नेहमीचा मुद्दा. मर्यादा साधारण २० किलो, कॅमेरा आणि हातातली पिशवी धरून, आणि बॅग मऊ हवी. चाकांची कडक सुटकेस विमानाच्या पोटातल्या कप्प्यात शिरतच नाही. मोठी बॅग जोहान्सबर्गला ठेवता येते, कॅम्पात कपडे रोज धुऊन मिळतात. लष्करी ठिपक्यांचे कपडे नेऊ नका, झिम्बाब्वे-बोट्सवानात सामान्य माणसानं ते घालणं बेकायदा आहे. शाकाहारी असाल तर आरक्षणाच्या वेळीच कळवा, उत्तम सोय करतात. चिवडा-चकली जरूर न्या, पण तंबूत उघडी ठेवू नका. माकडांना चेन उघडता येते.

व्हिसाचा एक बारकावा एजंटही विसरतात: तुम्ही दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडून परत आत येणार, तेव्हा तो व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच हवा. बाकी देशांचे नियम बदलत असतात, त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर बघा. मुंबईहून अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे येणार असाल तर पिवळ्या तापाची लस घेऊन पिवळं पुस्तक जवळ ठेवा. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी आणि ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. परतताना आपल्याकडच्या विमानतळावरही ते विचारू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, ही चारही ठिकाणं मलेरियाच्या पट्ट्यात येतात.

बक्षिशीसाठी पाच-दहा डॉलरच्या सुट्ट्या नोटा आणा. गाइडला माणशी दिवसाला दहा ते वीस डॉलर ही रीत, ट्रॅकरला त्याहून थोडे कमी, बाकीच्या लोकांसाठी एक डबा ठेवलेला असतो. आणि जुलै-ऑगस्ट हवा असेल तर वर्षभर आधी पैसे भरा, डेल्टातल्या चांगल्या कॅम्पांत तंबू जेमतेम आठ-दहा असतात. एजंटाकडून सुधारित कागद आला की इथे टाका, कॅम्पांची नावं पाहून सांगते.