थेरपिस्टच्या स्वतःच्या भावना आणि भूतकाळ उपचारांच्या आड येतात का?

येतात. याला प्रतिसंक्रमण म्हणतात. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने १९१० मध्ये याकडे अडथळा म्हणून पाहिलं. १९५० मध्ये मनोविश्लेषक पॉला हायमन यांनी तेच क्लायंटला समजून घेण्याचं साधन मानलं. मला हायमन पटतात, पण भावना आधी तपासायला हवी.

वडिलांच्या दारूपायी होरपळलेला थेरपिस्ट पिणाऱ्या क्लायंटशी नकळत कडक वागतो, त्याच्या बायकोची बाजू घेतो. खुणा बारीक असतात: एकाच क्लायंटचं ५० मिनिटांचं सत्र दर वेळी लांबतं, फी मागायला जीभ रेटत नाही. असं दिसलं की सत्र संपताच लिहून ठेवावं, ही भावना इथल्या बोलण्यातून आली की माझ्या घरातून? मग ते सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी थेरपिस्टच्या मार्गदर्शनात, मांडावं. तोच गुंता वारंवार आला तर स्वतः थेरपी घ्यावी. क्लायंटपुढे मात्र आपली कहाणी मोकळी करू नये; तो स्वतःचं दुखणं बाजूला ठेवून थेरपिस्टलाच सांभाळू लागतो.