रक्त तर बाराही महिने तेच असतं

ताई,

दारव्हा तालुक्यातून लिहिलेलं तुझं पत्र वाचलं. नवरा पितो, आणि काही बोललं की म्हणतो, "माह्या बापानं पेली, आज्यानं पेली. रक्तातच हाय, त मी काय करू?" हे खरं असेल तर त्याच्यावर चिडायचं कसं, आणि आपल्या नऊ वर्षांच्या पोराच्या कपाळीही हेच का, असं तू विचारतेस.

तो अगदीच खोटं बोलत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसलंय की व्यसनाचा धोका कुणाला कमी, कुणाला जास्त, या फरकाचा साधारण निम्मा भाग आनुवंशिक असतो. पण वारशात येतो तो धोका. ग्लास वारशात येत नाही.

आपल्या अमरावतीकडचेच गाडगेबाबा बघ. १८७६ साली शेणगावात जन्म, वडील दारूपायी गेले. पुढे मुलीच्या बारशाला मटण-दारूची रीत मोडून त्यांनी गोड जेवण घातलं. त्यांचं मन घट्ट आणि तुझ्या नवऱ्याचं कच्चं, असं मला म्हणायचं नाही. वडील गेल्यावर आई त्यांना घेऊन माहेरी, दापुऱ्याला गेली. घर बदललं, माणसं बदलली, त्याचाही वाटा असणारच. पण पंगतीत काय वाढायचं, हे त्यांनी स्वतः ठरवलं.

आता तुझ्याच पत्रातली एक गोष्ट. पेरणी-डवरणीच्या दिवसांत तो थोडीशी घेऊन झोपतो. कापूस जिनिंगवर घालून चुकाऱ्याचे पैसे हाती आले, सोबती भेटले, की रात्री त्याला धरून आणावं लागतं. ताई, रक्त तर बाराही महिने तेच असतं! बदलतो तो दिवस, खिसा आणि सोबत. तिथे हात घालता येतो.

संध्याकाळी ठेक्यासमोर उभ्या माणसाला "नको" म्हणणं फार जड जातं, तिथे त्याच्याकडून फार अपेक्षा करू नकोस. पण सकाळी शुद्धीत असताना तो ठरवू शकतो: चुकारा तुझ्या खात्यात जमा करायचा, जिनिंगवर दोघांनी जायचं, घरी सोबतच परतायचं. रात्री भांडू नकोस, सकाळी चहाच्या वेळी हे बोल. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर हातपाय थरथरतात, कधी झटकेही येतात. म्हणून सोडायची ती डॉक्टरांना विचारूनच. १४४१६ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

चिडण्याबद्दल विचारलंस. तलफ येते यावर चिडू नकोस, ती त्याने मागून घेतलेली नाही. शुद्धीत असतानाही तो काहीच करायला तयार नसेल, तर जरूर चीड, तो तुझा हक्क आहे. आणि पोराला पिशवी देऊन ठेक्यावर पाठवतो, असं तू ओझरतं लिहिलंस. मला सगळ्यात जास्त तेच लागलं. धोका त्याच्याही वाट्याला आलेला असू शकतो, आणि आपण त्याला ठेक्याची वाट पाठ करून देतोय. ते आजपासून बंद कर, नवरा कितीही ओरडला तरी.

तुझी,
मावशी